डबा रिकामा परत करू नये

लीड्स,
७ एप्रिल २००३

तीर्थरूप मावशीस,
सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले. काल तू फोन केलास तेव्हा मी "हो", "बरं" आणि "ठेवते" एवढेच बोलले. त्याची भरपाई म्हणून हे पत्र. फोनवर माझी जीभ अडखळते, कागदावर मात्र वाक्ये क्रियापदापर्यंत पोहोचतात. वाईच्या शाळेने दिलेली ही एकच गोष्ट इथे रोज कामाला येते.

येताना गाडीत एक वृद्ध गृहस्थ दोनदा खोकले. समोरच्या दोन बायका एकमेकींकडे पाहून उठल्या आणि पिशव्या घेऊन पलीकडच्या डब्यात गेल्या. सार्सच्या बातम्यांनी माणसे अशी झाली आहेत. मीही उठावे की काय असे मनात आले, पण उठायलाही धैर्य लागते, म्हणून बसून राहिले.

माझ्या प्रबंधाचा विषय काकांनी मँचेस्टरहून परतल्यावर विचारला होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मी "इतिहास" एवढे म्हणून आमटीत पाहत बसले. विषय असा आहे: व्यापाराच्या वाटांनी साथीचे रोग कसे पसरले, आणि ते पसरत असताना व्यापाऱ्यांनी काय केले. कापडाच्या गाठींतून, धान्याच्या पोत्यांत लपलेल्या उंदरांबरोबर, खलाशांच्या अंगातून रोग बंदरात उतरले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला बेचैन करते ते त्यानंतरचे. १८३१ साली संडरलंड बंदरात कॉलरा आला, माणसे मेली, आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी व जहाजमालकांनी सभा भरवून जाहीर केले की हा परदेशी कॉलरा नव्हेच, हा नेहमीचा पोटाचा विकार आहे. कारण रोगाचे नाव घेतले असते तर कोळशाची जहाजे अडकली असती. ते वाचल्यापासून मी त्या माणसांवर रागावले आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर रागावता येते, त्यांच्याशी बोलावे लागत नाही.

पाडव्याच्या श्रीखंडाने माझा उजवा हात अजून दुखतो. फडक्यावर चक्का घासून गाळायचे काम तू मला दिलेस, ते मला फार आवडले. मात्र डबे न्यायला आलेल्या त्या अवधूत नावाच्या गृहस्थांसमोर "ही बोर्डात आलेली माझी भाची, सगळं श्रीखंड हिच्या हातचं" असे पुन्हा कोणाला सांगू नकोस. त्यांनी उभ्या उभ्या चाखून पाहिले आणि माझ्याकडे न पाहता डब्यालाच "छान" म्हणाले. ते माझ्याहूनही लाजाळू दिसतात. अशा दोन माणसांचे तू काय करणार आहेस?

तुझा कडीचा डबा टपालाने परत पाठवते आहे. डबा रिकामा परत करू नये हे तुझे आणि आईचे शास्त्र, म्हणून त्यात खडीसाखर घातली आहे.

तुझी,
सुनेत्रा

०

स्टॅनमोर,
२० एप्रिल २००३

चि. सुनू,
पोटभर आशीर्वाद.

डबा मिळाला. उघडला तर खडीसाखर! अगं, मी काय देवळात बसते? पंचवीस वर्षांची घोडी झालीस, स्वतःच्या हातचं काहीतरी घालशील की नाही? पुढच्या वेळी दुकानातलं आलं तर डबा तुझ्याकडे पाठवायचाच बंद करीन. सोबत चकल्या आहेत. बबल रॅपमध्ये गुंडाळल्यात, तरी पोस्टात मोडल्या तर भेळेत घाल.

इकडची बातमी म्हणजे काकांच्या रिडंडन्सीचं पक्कं झालं, नोकरी गेली. मेपासून घरी. मला म्हणाले, "प्रमोदिनी, आता मी तुझा डिलिव्हरी बॉय." हसले, पण नंतर गार्डनमध्ये जाऊन नुसते उभे होते. तेव्हा आता मॉर्गेज माझ्या कढईवर. काळजी करू नकोस, पाडव्यापासून ऑर्डरी वाढल्यात. मधुमती गोखलेच्या मुलीचा, निधीचा, साखरपुडा सात जूनला आहे, ऐंशी माणसं, आणि श्रीखंड मस्ट! तू आठवडाभर आधी येशीलच.

तुझ्या अवधूतला ताप आहे. "तुझ्या" म्हटलं म्हणून पत्र फाडू नकोस. त्या घरात चौघं राहतात, त्यातल्या दोघांना ताप. ऑफिसात सगळे म्हणतात सार्स! अरे, तो नागपूरचा पोरगा, हाँगकाँग त्यानं पिक्चरमध्ये पाहिलंय. जीपीनं पॅरासिटामॉल दिली. इथे पाय मोडला तरी पॅरासिटामॉलच देतात. मी मऊ भात घेऊन गेले आणि म्हटलं, आमच्या सुनूनं एकशे तीन तापात दहावीचे पेपर दिले आणि बोर्डात आली. उशाशी कोण होतं? मी! मुद्दाम रजा काढून वाईला आले होते. आणि तू एवढ्या तापाला उशी कवटाळून बसतोस? तर म्हणाला, "त्यांना सांगा, मी उद्या उठतो." बघ, तुझं नाव काढलं की उठतो!

तुझीच,
मावशी

०

लीड्स,
२६ एप्रिल २००३

तीर्थरूप मावशीस,
सा. नमस्कार.

चकल्या अखंड पोहोचल्या. काकांविषयी वाचून फार वाईट वाटले. त्यांना माझा नमस्कार सांग; याहून जास्त काय सांगावे हे मला सुचत नाही.

मावशी, त्या मुलांचा ताप अजून आहे का? तो रोज थोडाथोडा चढत जातो का? त्यांचे रक्त कोणी तपासले का? मी डॉक्टर नाही, जुने कागद वाचणारी आहे. पण जुन्या कागदांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो आता माझी पाठ सोडत नाही. एका छपराखाली दोन माणसे एकदम आजारी पडली, तर त्यांनी एकत्र काय घेतले? हवा, पाणी, की अन्न? त्या घरात तुझे डबे जातात. तू रागावू नकोस, पण कळव.

दोन दिवस मी ग्रंथालयात बसून एकच पान वाचते आहे. उठून कालव्याच्या काठाने चालत जाते, परत येते, आणि तेच पान पुन्हा उघडते.

डबा अजून माझ्यापाशी आहे. स्वतःच्या हातचे काही जमले की पाठवते.

सुनेत्रा

०

४ मे

सुनूताई,

मी समर. हे लेटर आईला माहीत नाही. तू मला अक्षर शिकवला म्हणून मराठीत ट्राय करतो. क्रॉयडनच्या ट्रेनमध्ये लिहतो, ट्रेन हलते, सॉरी. फोन करणार होतो पण फोनवर तू काय बोलत नाहीस!

अवधूत हॉस्पिटलमध्ये आहे. टायफॉइड. त्याचा फ्रेंड पण, आणि हॅरोमधली एक आंटी पण. सगळ्यांनी आईचा श्रीखंड खाल्ला. अवधूत खूप बारीक झाला पण डॉक्टर म्हणतो ओके होणार.

कौन्सिलची बाई आली होती. खूप पोलाइट. फ्रिज बघितला, नखं बघितला. विचारला, कोण कोण फूडला हात लावतो? आई म्हणाली, फक्त मी, दुसरा कोणी नाही. मी सांगणार होतो की सुनूताईने श्रीखंड केला, पण आईने टेबलखाली माझा पायावर पाय दिला. खूप जोरात. मग बाईने विचारला, फॅमिलीमध्ये आधी कोणाला टायफॉइड झाला होता? आई म्हणाली नाही, नेव्हर. पण आईचा फेस एकदम पांढरा झाला.

किचन बंद आहे. बाबा घरी, आई घरी. ती रोज रिकामे डबे घासते. तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. अँग्री होऊ नको.

समर

०

लीड्स,
७ मे २००३

तीर्थरूप मावशीस,
सा. नमस्कार.

मला सर्व कळले आहे. कसे, ते विचारू नकोस, आणि ज्याने कळवले त्याला बोलू नकोस.

तू मला का सांगितले नाहीस? आणि त्या अधिकारी बाईंना अर्धवट का सांगितलेस? हाताखाली कोणी असल्याचे कळले तर नोंदणीची कटकट होईल, अशी भीती तुला वाटली असणार, हे मी समजू शकते. पण मावशी, रुग्णालयात पडलेल्या माणसाच्या मानाने ती कटकट किती लहान आहे! मी तुला संडरलंडच्या व्यापाऱ्यांची गोष्ट लिहिली होती. त्यांची जहाजे होती, तुझी कढई आहे. हे लिहिणे उद्धटपणाचे आहे, तरीही लिहिते, कारण तोंडाने मी ते कधीच म्हणू शकणार नाही: जो आजाराचे नाव घेत नाही, तो आजाराला पुढच्या गावाचे भाडे देतो.

माझी कळकळीची विनंती आहे. साखरपुड्याची मागणी सोडून दे. तुझी तपासणी करून घे. हा रोग बरा झाल्यावरही काही माणसांच्या पोटात वर्षानुवर्षे मुक्काम करतो; माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला काहीच होत नाही, आणि त्याच्या हातून मात्र तो इतरांच्या ताटात जातो. लहानपणी तुला कधी झाला असेल आणि आठवत नसेल. यात तुझा काहीही दोष नाही. लपवलेस तर मात्र दोष तुझा ठरेल.

एवढे कठोर लिहिल्यावर डबा नुसता कसा पाठवू? नारळाच्या वड्या केल्या आहेत, माझ्या स्वतःच्या हातच्या. पहिला घाणा सैल झाला, तो पुन्हा आटवला आणि हातानेच थापला. काकांना गोड आवडते. घरात दोघेही उदास असाल; वड्या खाताना तरी माझ्यावर रागावू नका.

सुनेत्रा

०

स्टॅनमोर,
२१ मे २००३

चि. सुनेत्रास,
आशीर्वाद.

मी व्यापारी! वा. आईला कळव, धाकटी बहीण शेवटी ईस्ट इंडिया कंपनी झाली म्हणून.

तर ऐक, इतिहासकार बाई. मी तपासणी करून घेतली. सांगितली तितक्या वेळा घेतली. माझ्यात काहीही सापडलं नाही. स्वच्छ! कौन्सिलनं किचन उघडायला परवानगी दिली. बाई म्हणाली, मूळ कुठून आलं ते कळलं नाही, पण होतं असं कधी कधी. अवधूत घरी आलाय, पेज पितोय. सात जूनचा साखरपुडा मी करणार आहे. मधुमतीनं सगळं माहीत असून ऑर्डर काढून घेतली नाही, हे तिचे उपकार. मॉर्गेज काही तुझे प्रबंध वाचून थांबत नाही.

आणि तू साखरपुड्याला येऊ नकोस. तुझा अभ्यास आहे, तिकिटं महाग आहेत, मी एकटी करीन. समर आहे, काका आहेत. खरंच येऊ नकोस. व्हिसा वाढवायचा अर्ज आहे ना तुझा या उन्हाळ्यात? त्यात लक्ष घाल.

डबा पुन्हा पाठवते आहे, शेव आहे. परत करताना आता काही करत बसू नकोस. पोस्टाला उगीच वजन होतं. खडीसाखर चालेल.

वड्या छान झाल्या होत्या.

मावशी

०

लीड्स,
२ जून २००३

मावशी,

काल समरचा फोन आला. काकांना ताप आहे, रोज थोडा चढतो आहे, आणि त्यांना रुग्णालयात नेले आहे. मी या वेळी फोनवर बोलले. किती बोलले ते समरला विचार. त्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते: काकांनी पाडव्याचे श्रीखंड खाल्ले होते का? तो म्हणाला, नाही, तेव्हा ते कामाच्या प्रशिक्षणासाठी मँचेस्टरला होते, परतले तोवर श्रीखंड संपले होते.

मग मी खोलीत बसून ते केले, जे मला शिकवले आहे. ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत पूर्वी कामगार अचानक मरत. परदेशी लोकरीच्या गाठी सोडणारे तेवढेच मरत, आणि बाकीचे धडधाकट राहत. कोणी हवेला दोष दिला, कोणी दारूला. अखेरीस एका डॉक्टरांनी माणसांना विचारणे थांबवून मालाला विचारले: ही गाठ कुठून आली, कोणी बांधली, कोणी सोडली?

मीही डब्याला विचारले. तुझे हात स्वच्छ आहेत. तुझे स्वयंपाकघर दोन-तीन आठवडे बंद होते. त्या काळात तुझ्या घरात बाहेरच्या हातची खाण्याची एकच वस्तू आली. ती लीड्सहून आली, कडीच्या डब्यातून, हाताने थापलेली. आणि पाडव्याचे श्रीखंडही त्याच हातांनी गाळले होते.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. मग दहावीचा तो मार्च आठवला. सगळे म्हणत होते, उन्हाचा ताप. पण उन्हाच्या तापाला दोन रंगांच्या कॅप्सूल दिवसातून इतक्या वेळा देतात का? परीक्षा संपल्यावरही कित्येक आठवडे मला पेज आणि मऊ भातच का मिळत होता? आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात छापलेल्या फोटोत माझे केस मुलासारखे कापलेले आहेत. आई म्हणायची, अभ्यासाच्या काळजीने गळले म्हणून कापले. मी पहिली आले, तेव्हा ते सर्वांना खरे वाटले, मलाही.

मावशी, तुला माहीत होते. म्हणून तू समरच्या पायावर पाय दिलास. म्हणून तू "येऊ नकोस" लिहिलेस, आणि मी समजले की तू माझ्यावर रुसलीस. मी तुला व्यापारी म्हटले. तू पैसा लपवत नव्हतीस, मला लपवत होतीस.

आज सकाळी मी डॉक्टरांकडे जाऊन सर्व सांगितले. माझी जीभ अडखळली नाही, याचे मलाच आश्चर्य वाटले. नमुना दिला आहे. उद्या त्या अधिकारी बाईंना फोन करून माझे नाव सांगणार आहे. मी तुझी परवानगी मागत नाही, तुला कळवते आहे. आयुष्यात प्रथमच असे वाक्य लिहिले.

मला काकांची भीती वाटते. पुस्तकातल्या मृतांच्या संख्या मी आजवर फार शांतपणे उतरवून घेत आले.

डबा परत पाठवते आहे. प्रथमच रिकामा. खडीसाखरेलाही मी हात लावला नाही.

सुनेत्रा

०

स्टॅनमोर,
६ जून २००३

माझ्या सुनू,

आधी काकांचं. औषध लागू पडलं आहे, ताप उतरायला लागलाय, काल त्यांनी नर्सला चहात साखर कमी म्हणून सुनावलं. म्हणजे वाचले.

आता तुझं. हो, लपवलं. मी, तुझ्या आईनं आणि डॉक्टरांनी मिळून. टायफॉइड म्हटलं असतं तर केंद्रावर तुला बसू दिलं नसतं, वेगळ्या खोलीची भानगड, आणि तू स्वतःच घाबरून गळाठली असतीस. एक वर्ष गेलं असतं. वाईतल्या मास्तराच्या मुलीचं एक वर्ष! कोणाची माफी मागायची माझी तयारी नाही. बोर्डात आलीस की नाही?

कौन्सिलच्या बाईनं विचारलं ना, "फॅमिलीत कोणाला झाला होता का," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस, केस गळलेली, हातात पेढ्यांचा पुडा घेतलेली. तोवर खरंच डोक्यात नव्हतं गं. पण त्या क्षणी असं वाटलं, नाव घेतलं की पोरीवर शिक्का बसला. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला कळलं तर? युनिव्हर्सिटीनं घालवलं तर? लग्नाच्या बाजारात तर काय, "ती टायफॉइडवाली". माझं काय, धंदा बुडाला तर मी दुसरा काढीन. बुडाला तर बुडाला.

पण तुझ्या वड्या आल्या तेव्हा मला धडकी भरली. टाकायचा धीर झाला नाही, सुनू. पहिल्यांदा तू स्वतःच्या हातचं काही पाठवलं होतंस. वर माझाच हट्ट! डाळींच्या डब्यामागे लपवल्या. काकांना म्हटलं, त्या वड्यांना हात लावू नका. ते म्हणाले, का? मी काय सांगणार? म्हटलं, नैवेद्याच्या आहेत. अगं, त्यांनी कधी नैवेद्याची वाट पाहिली आहे का? मी दुकानात गेले की एकेक खायचे. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाले, "वड्या फार सुंदर होत्या, म्हणून तू एकटीच खाणार असशील असं वाटलं."

एक वाक्य सांगायचं होतं मला. तेवढं सांगितलं असतं तर त्यांनी डब्याकडे पाहिलंही नसतं. म्हणून तुझ्या त्या संडरलंडवाल्यांना मी आता काही बोलणार नाही, आणि तूही मला जरा कमी बोल.

काल मधुमतीला फोन करून साखरपुडा सोडला. कारण खरं सांगितलं. तिनं आधी काकांची तब्येत विचारली. मग म्हणाली, "प्रमोदिनी, हे तू मला सांगितलंस, म्हणजे दिवाळीची ऑर्डर तुलाच." बाकीच्यांचं माहीत नाही. बघू. समर म्हणतो, तोवर त्याच्या पगारावर घर चालवू. काय सांगू, मला हसू पण आलं आणि भरून पण आलं.

तुझा फोन गेल्यावर कौन्सिलची बाई परत आली होती. रागावली, मग चहा प्यायली. म्हणाली, तुझी भाची फार नीट इंग्लिश बोलते. व्हिसाला काही होत नाही म्हणाली, हा आजार आहे, गुन्हा नव्हे. मी उगीच एवढी...

अवधूतला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं चहात आणखी एक चमचा साखर ढवळली. मग म्हणाला, "त्यांना म्हणावं, श्रीखंड खरंच छान होतं." वेडाच आहे. तुझ्यासारखाच.

रिकामा डबा आला. आमच्या घराण्यात कोणी असा पाठवला नव्हता. मी तो दोनदा उघडून पाहिला. आता मीही तो रिकामाच पाठवते आहे. तू बरी होईपर्यंत असाच येऊ-जाऊ दे, त्यात फक्त पत्रं घालू.

तुझ्या नमुन्यात जंतू सापडले, गोळ्या सुरू झाल्या, हे समरकडून कळलं; त्या चुकवू नकोस. कंटाळा आला तरी.

तुझी मावशी

०

लीड्स,
१८ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप मावशीस,
सुनेत्राचा साष्टांग नमस्कार. काकांनाही नमस्कार.

उन्हाळाभर आपला डबा दोन गावांमध्ये रिकामा फिरला. टपाल कचेरीतल्या बाई मला ओळखू लागल्या आहेत, परवा डबा हलवून पाहत त्यांनी विचारले, "आजही काही नाही?" मी त्यांना सर्व हकीकत सांगितली. मागे रांग खोळंबली होती, तरीही सांगितली.

गोळ्यांचा पहिला क्रम पुरला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. ऑगस्टमधला नमुना पुन्हा दोषी निघाला तेव्हा मी दोन दिवस पडदे ओढून बसले होते. आपलेच हात आपल्याला परके वाटतात, दाराची मूठ धरतानाही. समर येऊन गेला. त्याने स्वयंपाक केला आणि मला भांड्याजवळ फिरकू दिले नाही. त्याची भाजी करपली होती. ती मी सगळी खाल्ली.

प्रबंधाचे संडरलंडवरचे प्रकरण मी पुन्हा लिहिले आहे. त्या सभेत हात वर करणाऱ्यांवरचा राग मी काढून टाकलेला नाही; त्यांच्यामुळे माणसे मेलीच. पण आधी मी त्यांना "लोभी" म्हणून मोकळी झाले होते. आता लिहिले आहे की त्यांच्यापैकी कोणाच्या घरी कोण अंथरुणावर होते, हे कागद सांगत नाहीत, आणि मला ते माहीत नाही. मार्गदर्शकांनी समासात विचारले, "हे आवश्यक आहे का?" मी आवश्यक आहे असे त्यांना समोर बसून सांगितले.

अवधूत यांचे पत्र आले. ते फोनवर बोलत नाहीत म्हणे. मी उत्तर लिहिले आहे. याहून जास्त विचारू नकोस.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या क्रमानंतरचे सर्व नमुने निर्दोष आले. शेवटचा अहवाल काल मिळाला. डॉक्टरांनी मला स्वयंपाकाची मोकळीक दिली, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारले, "दुसऱ्यांसाठीही?" त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांसाठीही."

डबा आज भरून पाठवते आहे. नारळाच्या वड्या आहेत, दिवाळीच्या फराळासाठी, माझ्या हातच्या. अहवालाची प्रत झाकणावर चिकटवली आहे. ती आधी वाच, मग कडी काढ. मनात थोडीही शंका आली तर सरळ टाकून दे, मी रागावणार नाही. आणि ठेवणार असशील तर डाळींच्या डब्यामागे ठेवू नकोस. तरीही लपवाव्याशा वाटल्याच, तर या वेळी काकांना कारण सांगून लपव.

तुझी,
सुनेत्रा